वीस थाऊ

कला शाखेच्या विद्यार्थिनीने वार्षिकांकात काय लिहावे, याचा एक अलिखित दंडक आहे. पाऊस, आजी, गावाकडची वाट, फार तर वसतिगृहातला चहा. आपल्या अंकाची मागची काही वर्षे चाळून पाहिली, तर पाऊस इतका पडलेला आढळतो की पंचगंगेने धोक्याची पातळी ओलांडावी. पावसाशी माझे वैर नाही. परंतु मला लिहायचे आहे ते एका इंजिनाविषयी. संपादक मंडळातल्या सरांना विषय सांगितला, तेव्हा ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "हे पॉलिटेक्निकच्या अंकात अधिक शोभले नसते का?" शोभले असतेही. पण पॉलिटेक्निकवाले त्याचे आलेख काढतील आणि गोष्ट सांगायची तशीच राहून जाईल, अशी माझी थोडीशी उद्धट समजूत आहे.

माझे आजोळ कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातले. मामाचे गॅरेज म्हणजे पत्र्याखालचे दोन गाळे, एक कॉम्प्रेसर आणि भिंतीवर खडूने लिहिलेले उधारीचे हिशेब. मुली भातुकली खेळतात त्या वयात मी रॉकेलच्या ट्रेमध्ये नट धूत असे. त्यामुळे सी. सी., बोअर, स्ट्रोक हे शब्द मला 'अनुप्रास' आणि 'यमक' यांच्या आधी कळले. रद्दीतून आलेल्या एका जुन्या इंग्रजी मोटार मासिकात मला मेजर गोल्डी गार्डनरची मोटार प्रथम भेटली. पुढे मिळेल ते वाचत गेले, आणि वाचलेले मामाला सांगत गेले. मामाला इंग्रजी येत नाही. पण इंजिन येते. त्यामुळे पुष्कळदा मी वाचलेल्या ओळीचा अर्थ मला त्यानेच सांगितला.

गार्डनरच्या गाडीचे नाव ईएक्स १३५. एम. जी. कंपनीने ती १९३४ साली जॉर्ज आयस्टन या विक्रमवीरासाठी बांधली. पुढे ती गार्डनरकडे आली आणि १९३८ साली रीड रेल्टन या अभियंत्याने तिला नवे, जमिनीलगत सरपटणारे, माशासारखे अंग दिले. आत होते सहा सिलिंडरचे इंजिन. बोअर ५७ मिलिमीटर, स्ट्रोक ७१ मिलिमीटर, एकूण १०८६ सी. सी.

हा आकडा मी मामाला वाचून दाखवला तेव्हा तो हसला. कारण समोरच जॅकवर चढवलेली प्रीमियर पद्मिनी उभी होती. आमच्याकडे तिला कोणी पद्मिनी म्हणत नाही, 'फियाट'च म्हणतात. तिचे इंजिन १०८९ सी. सी.चे. म्हणजे विक्रमवीराच्या इंजिनापेक्षा तीन सी. सी. मोठेच! फरक इतकाच की फियाटचे इंजिन चाळीसेक अश्वशक्ती देते आणि गार्डनरचे सुमारे दोनशे देत होते. तेवढ्याच भांड्यात पाचपट स्वयंपाक.

हे कसे होते? इंजिन म्हणजे मुळात हवा ओढणारा भाता. जितकी हवा आत जाईल तितके इंधन जळेल, आणि जितके इंधन जळेल तितका जोर. साधे इंजिन आपल्या श्वासाने हवा घेते. शर्यतीच्या लहान इंजिनाला सुपरचार्जर लावून ती कोंबून भरतात, वर त्याला मिनिटाला सातेक हजार फेरे पळवतात. पण कोंबलेली हवा तापते, तापलेले मिश्रण ठिणगीची वाट न पाहता भडकते, आणि मग पिस्टनच्या माथ्याला चक्क भोक पडते. म्हणून अशा इंजिनांत मिथेनॉलचे मिश्रण वापरत. मिथेनॉल वाफ होताना पुष्कळ उष्णता शोषून घेते आणि आतले वातावरण थंड राखते. पेट्रोलच्या मानाने ते दुप्पट लागते, पण विक्रमाच्या गाडीला अ‍ॅव्हरेज कोण विचारतो?

ट्यूनिंगमधली खरी मौज इथेच आहे. आपल्या फियाटचे ट्यूनिंग म्हणजे संसार. सकाळी थंडीत स्टार्ट झाली पाहिजे, बिंदू चौकात दहा मिनिटे खोळंबली तरी बंद पडता कामा नये, घाट चढली पाहिजे, तेल कमी प्यायली पाहिजे, आणि मालकाच्या सासऱ्यांना धक्के बसता कामा नयेत. प्रत्येकाचे थोडे थोडे ऐकायचे. विक्रमाच्या इंजिनाला या सगळ्यातून माफी असते. ते संथ फेऱ्यांवर खोकले तरी चालते. ते गरम करायला एक प्लग लावतात, गरम झाले की ते काढून धावेसाठी दुसरे. त्याच्याकडून मागणे एकच: दोन-चार मिनिटे पूर्ण थ्रॉटल उघडून सोसायचे. ताशी २०३ मैल वेगाने एक किलोमीटर कापायला अकरा सेकंद लागतात. या अकरा सेकंदांसाठी महिनेच्या महिने काम. आणि एकदाच धावून भागत नाही. वाऱ्याचा नि उताराचा फायदा वजा व्हावा म्हणून तासाभराच्या आत उलट दिशेनेही धावावे लागते आणि दोन्हींची सरासरी धरतात. म्हणजे पहिल्या धावेत सगळा जीव ओतणारे इंजिन कामाचे नाही. परत येण्यापुरते त्याने शिल्लक राहिले पाहिजे.

इंजिन आत कसे जळते आहे हे कळायला डोळा घालायची सोय नसते. म्हणून प्लग वाचायचा. पूर्ण वेगात असताना एकदम स्विच बंद करायचा, क्लच दाबून गाडी थांबवायची आणि प्लग काढून पाहायचा. काजळी धरली असेल तर इंधन जास्त; बिस्किटी रंग असेल तर ठीक; पांढराफटक असेल तर आत आग पेटली आहे, जेट बदला, नाहीतर पुढच्या धावेत पिस्टन जाईल. युरोपातले मोठमोठे अभियंते हेच करत आणि मामाही हेच करतो, हे कळले तेव्हा मला उगीचच अभिमान वाटला होता.

नोव्हेंबर १९३८ मध्ये फ्रँकफुर्टजवळच्या ऑटोबानवर गार्डनरने ताशी १८७ मैल गाठले. याच रस्त्यावर त्याच वर्षी जानेवारीत बेर्न्ड रोझमायर हा जर्मन शर्यतपटू वाऱ्याच्या झोताने गाडी भरकटून मेला होता. आणि त्याच नोव्हेंबरात जर्मनीत ज्यूंची प्रार्थनागृहे जाळली गेली, दुकानांच्या काचा रस्त्यारस्त्यांवर पडल्या. इतिहास हा माझा विषय असल्यामुळे हे मला टाळता येत नाही. मोटारींच्या पुस्तकांत ते बहुधा नसते. तिथे फक्त रस्ता छान होता एवढे असते. गार्डनर हा पहिल्या महायुद्धात पाय आणि कंबर जायबंदी झालेला इंग्रज सैनिक. तो काठी टेकत चाले. ज्यांच्याशी लढताना अधू झाला त्यांच्याच रस्त्यावर, त्यांनी उघडून दिलेल्या वाटेने तो विक्रम करायला गेला. त्याला काय वाटले असेल? खिलाडूपणा म्हणावे की डोळ्यांवर कातडे ओढणे? माझे मत अजून बनलेले नाही, आणि बनवण्याची मला घाईही नाही.

पुढच्या वर्षी, ३१ मे १९३९ रोजी, डेसाऊ गावाजवळ. 'बाउहाउस' ही प्रसिद्ध कलाशाळा याच गावात होती, हे कलाशाखेच्या वाचकांसाठी सांगते. गावालगत ऑटोबानचा सुमारे दहा किलोमीटरांचा सरळ पट्टा मुद्दाम विक्रमांसाठी मधला दुभाजक न ठेवता बांधला होता. पन्नाशीला टेकलेल्या गार्डनरने तिथे अकराशे सी. सी.च्या वर्गात ताशी २०३.५ मैल, म्हणजे सुमारे ३२७ किलोमीटर गाठले. एवढ्या लहान इंजिनाने ताशी दोनशे मैलांची वेस प्रथमच ओलांडली.

पण मला जी गोष्ट सांगायची आहे ती यानंतरची. वरचा वर्ग होता अकराशे ते पंधराशे सी. सी.चा. त्या वर्गात बसायला इंजिन अकराशेपेक्षा जरासे मोठे हवे. मग पथकाने इंजिन गाडीतून न उतरवता, जागच्या जागी, सहाही सिलिंडरना बोअर मारला. १०८६चे झाले ११०६. दोन जून रोजी तीच गाडी, तेच इंजिन, ताशी २०४.२ मैल धावले आणि वरच्या वर्गाचा विक्रमही घेऊन आले.

हे मी मामाला सांगितले तेव्हा त्याने वेग विचारला नाही, विक्रम विचारला नाही. हातातले फडके खाली ठेवून म्हणाला, "आणि कीस कुठं पडला?"

मला प्रश्न कळायला वेळ लागला. उद्यमनगरात बोअर मारायचा म्हणजे इंजिनाचा ब्लॉक उतरवतात, सगळा उघडा करतात, हातगाडीवरून बोअरिंगवाल्याकडे नेतात. मशिन लोखंड खरवडते, त्याचा बारीक कीस खाली पडतो. ब्लॉक मोकळा असेल तर धुऊन टाकला की झाले. पण इंजिन गाडीतच असेल तर खाली क्रँकशाफ्ट आहे, बेअरिंगे आहेत. त्यात एक कण राहिला तरी सात हजार फेऱ्यांवर तो बेअरिंग खरवडून काढणार. म्हणजे रात्रभर बोअर मारणाऱ्यांनी तितकाच वेळ कण वेचण्यात घालवला असला पाहिजे. आणि वाढीव मापाचे पिस्टन परमुलखात आयत्या वेळी कुठून येणार? ते बरोबर नेलेले असल्याशिवाय हे होणे नाही. पुस्तकात या सगळ्याला अर्धे वाक्य होते. मामाला त्या अर्ध्या वाक्यातली रात्र दिसली.

मग आम्ही खडूने भिंतीवर गणित मांडले. स्ट्रोक तोच ठेवून सहा सिलिंडरांत वीस सी. सी. वाढवायचे तर बोअर किती वाढेल? उत्तर आले अर्ध्या मिलिमीटरच्या जवळपास. मामा म्हणाला, "म्हंजे वीस थाऊ की!" थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग; आणि वीस थाऊ हे आपल्याकडच्या झिजलेल्या इंजिनाला मारायच्या बोअरचे रोजचे माप. त्या मापाचे पिस्टन तयार डब्यात मिळतात. डेसाऊची ती ऐतिहासिक रात्र आणि उद्यमनगरातला कुठलाही मंगळवार यांच्यात मापाचे अंतर असे काहीच नव्हते. मामा थोडा वेळ गप्प होता. नंतर म्हणाला, "बोअर वाढवला की इंजिन नवं हुतं, पर भिंत पातळ हुती. दरखेपेला थोडी थोडी."

तीन महिन्यांत युद्ध सुरू झाले. ते संपल्यावर गार्डनर पुन्हा आला, आता बेल्जियममधल्या याबेके येथील रस्त्यावर, आणि यावेळी त्याने उलटी वाट धरली. इंजिन मोठे करण्याऐवजी लहान करत नेले. १९४६ साली साडेसातशे सी. सी.च्या वर्गात ताशी १५९ मैल. मग पाचशेचा वर्ग. मग १९५० साली सहापैकी दोनच सिलिंडर चालू ठेवून, ३३२ सी. सी.वर, साडेतीनशेच्या वर्गात ताशी १२१ मैल! जुनी बुलेट ३४६ सी. सी.ची असे. आख्खी मोटार, आत माणूस, आणि इंजिन बुलेटहून लहान. वेग ताशी १९५ किलोमीटर. चार सिलिंडर रिकामे असताना क्रँकशाफ्टचा तोल सांभाळणे हे काय काम असेल, याची कल्पना लंगडी पंगत वाढणाऱ्यालाच यावी.

१९५१ आणि १९५२ साली तो अमेरिकेतल्या बॉनविलच्या मीठपठारावर गेला. तेव्हा गाडीत दुसरे, १२५० सी. सी.चे इंजिन होते. हे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ४२०० फूट उंच. रस्ता अमर्याद, पण हवा विरळ. खाली जुळवलेले मिश्रण तिथे जड पडते. आपल्या महाबळेश्वरची उंचीही जवळपास तेवढीच, आणि कोल्हापूरहून तिकडे गेलेली जुनी कार्ब्युरेटरची गाडी काळा धूर का सोडते, ते मामाच्या गिऱ्हाइकांना ठाऊक आहे. १९५२ च्या धावेत गाडी घसरून खुणेच्या खांबावर आदळली, गार्डनरच्या डोक्याला मार लागला, आणि विक्रमांचे दिवस संपले. १९५८ साली तो वारला. गाडी इंग्लंडमधल्या गेडन येथील संग्रहालयात आहे.

आता मामाविषयी. हे लिहू की नको, असे त्याला विचारले होते. तो म्हणाला, "लिही की. तुझा अंक गिऱ्हाईक थोडंच वाचतंय!" मामाचे कान गेले आहेत. सगळे नाहीत, डॉक्टर म्हणतात, कॉम्प्रेसर आणि हातोड्यांच्या आवाजात आयुष्य काढलेल्या माणसाचे बारीक, उंच आवाज आधी जातात. बेअरिंगचा ठोका त्याला ऐकू येतो, टॅपेटची टिकटिक येत नाही. स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून जो माणूस डोळे मिटून सांगे, "तिसऱ्याचा व्हॉल्व्ह", त्याला आता त्या मुठीतून निम्मेच इंजिन ऐकू येते. गिऱ्हाइकांना त्याने सांगितलेले नाही. नव्या गाड्यांना संगणक लावून दोष वाचता येतो. पण तसल्या गाड्या त्याच्याकडे येत नाहीत. येतात त्या फियाट, आणि त्याही कमी. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, ती बातमी त्याने मला दोनदा वाचायला लावली.

म्हणून गेले वर्षभर रविवारी मी उद्यमनगरात असते. आई म्हणते, बी. एड.चा अर्ज भर. तो भरला आहे. पण रविवारी मूठ माझ्या कानाला असते आणि फीलर गेज मामाच्या हातात. मी ऐकून सांगते, तो मोजून बघतो.

"तिसरा?" तो विचारतो.

"नाही, पाचवा. तिसरा मघाशीच गप्प झाला."

पाचव्यात तो गेजची पाती सरकवून पाहतो. कानाने ऐकू येत नाही ते त्याच्या बोटांना पातीच्या ओढीतून कळते. लॉकनट सैल करतो, किंचित फिरवतो, पुन्हा पाती घालतो. मी पुन्हा ऐकते. इंजिन एकसारखे चालू लागते तेव्हा ते मला आधी कळते आणि त्याला माझ्या चेहऱ्यावरून. गेल्या रविवारची फियाट अशीच बसवून दिली. मालक येऊन घेऊन गेले. इंजिनाविषयी एक अक्षर बोलले नाहीत. हॉर्न नीट वाजत नाही, एवढी तक्रार मात्र केली.