हक्कसोड

वाशीम-पुसद रस्त्यावरच्या आमच्या अनसिंग गावात 'हक्कसोड' हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. वडिलांच्या पश्चात बहीण भावाच्या नावे हक्कसोडपत्र लिहून देते, दुय्यम निबंधकांसमोर सही-अंगठा होतो आणि शेताचा विषय कायमचा मिटतो. सही झाली की बोलणे खुंटले, ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. मी शिक्षक, लोकांचे कागद वाचून देण्यात माझी हयात गेली. तरी ती समजूत माझ्याही मनातून गेली नव्हती, याची कबुली आज द्यावयाची आहे.

२०२० सालच्या महामारीत शेजारचा एक तरुण कतारहून परतला. सहा वर्षे त्याने तेथे बांधकामावर सळ्या बांधल्या होत्या. शेवटच्या दोन महिन्यांचा पगार थकला होता. तिकीट हाती देण्यापूर्वी मालकाच्या माणसांनी त्याच्यापुढे एक कागद ठेवला. सर्व येणे मिळाले, यापुढे कसलाही दावा नाही, असा त्यातील मजकूर.

"सही केल्याबिगर तिकीट देत नव्हते, सर. मले तं घरी यायचं होतं," तो म्हणाला.

मी चष्मा लावून कागद वाचला आणि निकाल देऊन मोकळा झालो, "सही केलीस ना? मग संपलं." त्याने कागदाची घडी खिशात घातली. दुसऱ्या दिवसापासून तो सोयाबीनच्या सोंगणीला मजुरीने जाऊ लागला.

दीड वर्षानंतर एका वकील स्नेह्यांना मी ही हकीकत सहज सांगितली. ते गंभीर झाले. कतारच्या २००४ च्या कामगार कायद्याचे चौथे कलम त्यांनी मला समजावले. कायद्याने दिलेला हक्क कामगाराने लिहून सोडला, तरी ती सोड रद्दबातल ठरते. शिवाय नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे किमान तीन आठवड्यांच्या मूळ वेतनाइतकी ग्रॅच्युइटी. म्हणजे सहा वर्षांची अठरा आठवडे, आणि थकलेला पगार वेगळाच! परंतु करार संपल्यापासून एका वर्षाच्या आत दावा करावा लागतो, असे दहावे कलम सांगते. ते वर्ष उलटून गेले होते. त्या कागदाने त्याचा हक्क बुडवला नव्हता. माझ्या एका वाक्याने त्याची वाट बंद केली होती.

मग 'सोडणे' म्हणजे काय, याचा विचार मन करू लागले. १९९० साली इराकने कुवेत गिळला, तेव्हा लाखाहून अधिक भारतीय अम्मानमार्गे विमानाने मायदेशी आले. पुढे १९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी भरपाई आयोग नेमला. देश सोडावा लागलेल्या एकट्या माणसाला २,५०० डॉलर ठरले. अन्य प्रकारचा दावा करणार नाही, असे मान्य करणाऱ्याला ४,०००. तीही हक्कसोडच होती. मात्र काय सोडले आणि त्याबदली काय मिळाले, हे माणसाला ठाऊक होते. नाही म्हणण्याची मोकळीकही होती. आमच्या शेजाऱ्यापाशी यांतले काय होते? घरची ओढ आणि हाती नसलेले तिकीट.

गरजेपोटी किंवा अधिक वाईटाच्या भयापोटी कामगाराने कठोर अटी पत्करल्या, तर तो बळजबरीचा बळी होय, असा विचार पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात मांडला आहे. प्रवचनांतून तो मी कितीदा ऐकला असेन! शेजारच्या ओसरीवर तो मला आठवला नाही.

मी त्याच्याकडे जाऊन चूक कबूल केली. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "जाऊ द्या सर. लहान्या जाऊन राह्यला आता तिकडं. त्याले सांगा."

धाकट्याला मी सांगितले. कराराची प्रत घरी ठेव. पगाराची नोंद ठेव. परतण्यापूर्वी येणे राहिले, तर भारतीय दूतावासात जाऊन मुखत्यारपत्र करून ये. सही करण्यापूर्वी मला फोन कर.

"आन् करावीच लागली तं?" त्याने विचारले.

"तरीही कर," मी म्हणालो. "त्याच दिवशी कर."