कागदावर नसलेला अनुस्वार

बाईचा डावा डोळा लवला की शुभ, असं आजी म्हणायची. बारावीच्या परीक्षेआधी माझा डावा डोळा सतत लवायचा आणि निकालाची खात्री माझ्यापेक्षा आजीलाच जास्त होती.

पुढे मुद्रितशोधनाच्या कामाला लागले. दिवाळी अंकांच्या हंगामात मध्यरात्रीपर्यंत प्रुफं चालत आणि तोच डोळा पुन्हा लवू लागे. जागरण, चहा आणि ताण एकत्र आले की पापणीचा स्नायू आपोआप फुरफुरतो. आजीला हे कारण ठाऊक नव्हतं, पण डोळा काहीतरी सांगतोय हे तिचं म्हणणं मला आजही पटतं. तासन्‌तास जवळचं वाचून मान वर केली की भिंतीवरचं घड्याळ धूसर दिसे. जवळचं पाहण्यासाठी आवळलेला डोळ्यातला स्नायू लगेच सैल होत नाही. शिवाय वाचताना पापण्या मिटायच्याच राहून जातात, म्हणून डोळे कोरडे पडून चुरचुरतात.

आईच्या आजारपणात मात्र मी घाबरले. दवाखान्यातले दिवे डोळ्यांत खुपायचे. भीतीने बाहुल्या मोठ्या होतात, उजेड जास्त आत शिरतो, हे तेव्हा कुठे माहीत होतं! उशाशी बसून प्रुफं वाचताना एकदा ‘मद’वर अनुस्वार दिसला. ‘मंद’ तर ‘मंद’, म्हणून पुढे गेले, तर ते टिंबही माझ्याबरोबर पुढच्या ओळीवर आलं. मग पांढऱ्या भिंतीवर, आभाळात, सगळीकडे तेच.

घरचे म्हणाले, मनाचे खेळ आहेत. तसं नव्हतं. डॉक्टरांनी थेंब घालून डोळ्यांचा पडदा तपासला, तो ठीक होता. डोळ्याच्या आतल्या जेलीत बारीक धागे गोळा होतात आणि त्यांची सावली पडद्यावर पडते, असं त्यांनी समजावलं. एरवी मेंदू तिच्याकडे काणाडोळा करतो, धास्तावलेलं मन मात्र तिच्यावरून नजर हलवत नाही. आई घरी आल्यावर मला झोप लागू लागली. ठिपका आजही आहे, पण तो दिसला नाही असे कितीतरी दिवस जातात.

थकलेल्या माणसाला ‘तुला भास होतात’ असं म्हणू नका, त्याला झोपू द्या. आणि ठिपके एकाएकी वाढले, डोळ्यात वीज चमकल्यासारखं झालं किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखा अंधार आला, तर ते ताणावर ढकलू नका. डोळ्याचा पडदा फाटला असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.