वाजवून घेतलेली जेट-स्की

मैत्रिणींनो, जुनी वस्तू विकत घ्यायची म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? शिवणयंत्र, लोखंडी कपाट, फार तर नवऱ्याच्या मित्राची स्कूटर. मीही आजवर एवढंच घेतलं होतं. त्यामुळे गेल्या भाऊबीजेला माझा धाकटा भाऊ पाटावर बसल्या बसल्या म्हणाला, “ताई, मला एक जुनी जेट-स्की घ्यायचीय, सव्वा लाख कमी पडतायत,” तेव्हा हातातलं ताम्हण कलंडायचंच काय ते बाकी राहिलं. इतकी वर्षं ओवाळणी घालणारा भाऊ यंदा उलटी ओवाळणी मागत होता!

माझं माहेर दांडीचं, सासर बोईसरचं. माहेरी पिढ्यान् पिढ्या मासेमारी. बाबांनी होडी विकली त्या वर्षापासून भाऊ मालवणला पर्यटकांच्या वॉटर स्कूटरवर हंगामी काम करतो. तिथंच त्याला उभ्याने चालवायच्या जेट-स्कीचा नाद लागला. बाबा यावर काही बोलत नाहीत. त्यांचं न बोलणं आमच्या घरात सगळ्यांना ऐकू येतं.

मी शाळेत अर्धवेळ शिकवते. मानधनातून आणि भिशीतून सहा वर्षांत एक लाख चाळीस हजार साठवले होते, मुलीच्या बारावीनंतरच्या शिक्षणासाठी. यांना विचारलं, तर हे म्हणाले, “पैसे तुझे आहेत, तूच ठरव.” हे वाक्य ऐकायला किती छान आणि पेलायला किती जड, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. दोन रात्री झोप नाही. तिसऱ्या दिवशी भावाला सांगितलं, “देईन. पण मशीन मी बघणार. मला पटली नाही तर एक पैसा मिळणार नाही.”

तो हसला. हसू दे. शिकवायच्या आधी धडा वाचावा लागतो हे बी.ए.ला आणि नंतर शाळेत शिकलेय मी. त्यालाच समोर बसवून सगळं विचारून वहीत लिहून घेतलं.

आपण केळव्याला किंवा अलिबागला बसून जातो ती वेगळी. ही उभ्याने चालवायची. १९७३ साली कावासाकी कंपनीने पहिली बाजारात आणली. ‘जेट स्की’ हे त्यांचंच व्यापारी नाव, आपण वनस्पती तुपाला डालडा म्हणतो तसलाच प्रकार. यामाहाची ‘सुपर जेट’ १९९० मध्ये आली. लाटेवरून उडी, हवेत कोलांटी, जागच्या जागी गिरकी, याला फ्रीस्टाइल म्हणतात, आणि त्यासाठी यंत्र हलकं लागतं. जुनी टू-स्ट्रोक सुपर जेट सव्वाशे ते दीडशे किलोच्या दरम्यान असते. २०२१ पासूनची फोर-स्ट्रोक जास्त वजनदार आहे, शिवाय महाग. म्हणून हे लोक जुनीच शोधतात. कावासाकीच्या अगदी सुरुवातीच्या छोट्या मशीन स्वस्त मिळतात खऱ्या, पण इंजिन लहान आणि अंग अरुंद. आमचा भाऊ ऐंशी किलोचा. तो चढला की तिचा पाण्याखाली जायचाच रंग.

पहिली मशीन मांडव्याला होती. बोईसरहून पहाटेची लोकल, चर्चगेट, गेटवेवरून लाँच. मी डब्यात थालीपिठं घेतली होती. मशीन काय सुंदर! जांभळा-पिवळा रंग, नवी कोरी पायाखालची मॅट, इंजिनातही बरेच बदल करून ताकद वाढवलेली. किंमत सव्वातीन लाख. भावाचे डोळे लकाकले. त्या माणसाने बटण दाबताच ती पहिल्या झटक्यात सुरू झाली.

मी झाकण उघडायला लावलं आणि इंजिनावर हात ठेवला. कोमट! कुकर नुकताच उतरवलाय की सकाळपासून रिकामा आहे हे आपल्याला हातानेच कळतं ना, तसंच हे. आम्ही यायच्या आधीच ती चालवून ठेवलेली होती. थंड इंजिन किती वेळ कुरकुरतं हे आम्हाला दिसू नये म्हणून.

भावाने मालवणच्या मेकॅनिककडून दाब मोजायचं गेज आणलं होतं. दोन्ही स्पार्क प्लग काढायचे, त्यांच्या वायरी इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवायच्या, एकेका भोकात गेज बसवायचं आणि गॅस पूर्ण दाबून स्टार्टर फिरवायचा. एका सिलिंडरने दीडशे पौंड दाखवले, दुसऱ्याने एकशे दहा. आकडा किती यापेक्षा दोन्ही सारखे आहेत का हे महत्त्वाचं. दहा टक्क्यांहून जास्त फरक म्हणजे आत कुठेतरी झीज आहे. तो माणूस म्हणाला, “गेज खराब असेल.” मी म्हटलं, “मग दोन्हीकडे सारखंच खोटं बोललं असतं की!”

मग बाहेरचं अंग. माठ घेताना आपण बोटाने वाजवतो, तशी मी ती पुढच्या टोकापासून मागेपर्यंत वाजवत गेले. उड्या मारमारून या मशीन ठरावीक जागी तडकतात: नाकाशी, हँडलचा दांडा बसतो त्या सांध्याशी, उभं राहायच्या जागेखाली. डाव्या बाजूला एके ठिकाणी आवाज बद्द आला. नवी मॅट आणि नवा रंग नेमका तिथंच का होता, ते तुम्हीच ओळखा.

परतीच्या लाँचमध्ये भाऊ एक शब्द बोलला नाही. थालीपीठसुद्धा घेतलं नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? त्याचं स्वप्न मी टिचकीने फोडलं होतं.

दुसरी वसईत मिळाली, दीड महिन्याने. रंग उडालेला, मॅट फाटलेली, गॅरेजात धूळ खात पडलेली. पण इंजिन कंपनीचं जसंच्या तसं. हीच जमेची बाजू. ताकद वाढवलेल्या इंजिनाला पुष्कळदा महाग पेट्रोल लागतं आणि सारखी डागडुजी. पहिल्यांदा घेणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये, हे मेकॅनिकने भावाला बजावलं होतं. इंजिन गार होतं. तीन-चार झटक्यांनी सुरू झालं, धूर ओकलं, मग स्थिर झालं. पाण्याबाहेर पंधरा-वीस सेकंदांवर चालवायचं नाही, कारण तिचं थंड होणं पाण्यावरच अवलंबून. दाब एकशे पंचेचाळीस आणि एकशे चाळीस. खाली वाकून टॉर्चने पंखा पाहिला. ही मशीन पाणी पोटातून ओढून मागून झोताने फेकते; वाळू-खडे आत गेले की पंख्याच्या कडा आणि भोवतीची कडी झिजते. कडी झिजली होती, पण ती बदलता येते. मागे कोरलेला नंबर आणि आयातशुल्काच्या कागदावरचा नंबर मी दोनदा ताडून पाहिला. कागद नसलेली परदेशी वस्तू फुकट मिळाली तरी घेऊ नये. मग खाडीत उतरवून अर्धा तास चालवली आणि पोटात पाणी किती शिरलं ते पाहिलं. दोन लाख ऐंशी हजारांची ती ट्रॉलीसकट दोन साठला ठरली.

उरलेले पैसे कशाला, यावरून मात्र आमचं भांडण झालं. त्याला नवा रंग हवा होता, मला हेल्मेट, चांगलं लाइफ जॅकेट आणि जाड रबरी सूट. इथे एक गोष्ट जरा संकोच बाजूला ठेवून सांगते, कारण सुटीत आपण आणि आपल्या मुलीही वॉटर स्कूटरवर मागे बसतो. मागे पडलं तर पाण्याचा तो झोत शरीराच्या आत शिरून गंभीर इजा होऊ शकते, बायकांना तर फारच. साधा पोहण्याचा पोशाख किंवा सलवार त्याला अडवत नाही. कंपन्या स्वतःच जाड रबरी चड्डी घालायला सांगतात. आणि आणखी एक, जे मला सर्वांत भयंकर वाटलं: हिला ब्रेक नाही, आणि गॅस सोडला की ती वळतही नाही! समोर काही आलं की घाबरून हात सोडणारा सरळ जाऊन आदळतो. मनगटाला बांधायची दोरी असते, पडलं की इंजिन बंद होतं. ती दोरी मी नवी घ्यायला लावली. कडी, सूट, सगळं मिळून पस्तीस हजार. माझे एकूण पंच्याण्णव हजार गेले. पंचेचाळीस मुलीचे राहिले.

मशीन दांडीला आली तेव्हा बाबा पहिल्यांदा बोलले. “जाळ्यात गेलास तर जाळं कुणाचं फाटणार?”

याचा विचार आम्ही दोघांनी केलाच नव्हता! वहीभर लिहिलं, आणि किनाऱ्यावर कुणाची पोटं आहेत हेच राहिलं. भाऊ खाली मान घालून उभा. शेवटी बाबांनीच तोडगा काढला. डोलीची जाळी उधाणाच्या ओढीवर चालतात. भांगाच्या दिवसांत पाणी सुस्त, तेव्हा ती बाहेर असतात. “भांगाला जा. भरती अर्धी झाल्यावर. मी सांगेन त्या पट्ट्यातच. अणुकेंद्राच्या दिशेला तोंडसुद्धा करायचं नाही.” भरती हवी ती मशीनसाठीही, उथळ पाण्यात वाळू ओढली जाते म्हणून. आता तिथीचा हिशेब बाबा ठेवतात आणि पेट्रोलचा मी: लिटरला वीस मिलिलिटर तेल, आधी मिसळून. कैरीच्या लोणच्याचं प्रमाण चुकलं तर लोणचं जातं, हे चुकलं तर इंजिन.

कोलांटी अजून जमलेली नाही. त्याची गिरकी मी पाहिली, आणि तेव्हा बाबा माझ्या शेजारी होडीच्या सावलीत उभे होते. पाहत नसल्यासारखे.

दर वेळी परत आल्यावर तिला गोड्या पाण्याने धुवावं लागतं, आतूनसुद्धा, नाहीतर मीठ धातू खातं. आधी इंजिन सुरू, मग पाणी. थांबवताना आधी पाणी बंद, मग इंजिन. उलटं केलं तर पाणी सिलिंडरात शिरतं. गेल्या रविवारी मी घाईत आधी नळ सोडायला निघाले तर भाऊ ओरडला, “ताई, वही वाच!” आणि आई ओट्यावरून म्हणाली, “इथं माणसांना पाणी एक दिवसाआड, नि या बयेला रोज न्हाणं.” पण दोन बादल्या तिनेच भरून ठेवल्या होत्या.