अर्थाआधीची नोंद

साहित्य शिकविणाऱ्यांना अर्थाची फार घाई असते. ओळ पुरती वाचून होण्याआधीच ‘कवीला काय म्हणायचे आहे’ हा प्रश्न आम्ही वर्गात टाकून मोकळे होतो. या घाईचा विचार करताना आम्हांस एका परक्या ज्ञानशाखेची आठवण होते. ती शाखा म्हणजे सूर्यावरील घडामोडींवरून अंतराळातील हवामान वर्तविण्याची.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना सौरडागांच्या समूहात अकस्मात लखलखाट दिसला. अठरा तासांच्या आत पृथ्वीवर भूचुंबकीय वादळ येऊन थडकले. युरोप-अमेरिकेतील तारयंत्रे विस्कळीत झाली. तिकडच्या काही वेधशाळांत सुईची हालचाल नोंदपट्टीच्या बाहेर गेली. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत मात्र माणसे डोळ्यांनी आकडे वाचून टिपत राहिली. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक तेथे सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरला होता. असे का घडावे, याचा उलगडा करणारे शास्त्र तेव्हा जन्मालाही आले नव्हते.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले आणि त्यांच्या प्रवाहाने सुई बिथरेल म्हणून संचालक नानाभाई मूस यांनी १९०४ साली ही निरीक्षणे अलिबागेस हलविली. दोन वर्षे दोन्ही ठिकाणी समांतर वाचने घेतली, म्हणजे जुन्या-नव्या आकड्यांचा सांधा तुटू नये. रेल्वेच्या खडखडाटावरच वाढलेल्या नाशिक रोडला राहणाऱ्या आम्हांला, शांततेसाठी असे स्थलांतर करणाऱ्या सुईचा हेवाच वाटतो. १९१० मध्ये मूस यांनी १८४६ ते १९०५ पर्यंतच्या नोंदी छापून काढल्या. २००३ साली ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्ष लखिना आणि सहकाऱ्यांनी कुलाब्याच्या त्या आकड्यांवरून १८५९ च्या वादळाची तीव्रता नव्याने मांडली. नोंदीला तिचा वाचक मिळण्यास १४४ वर्षे लागली!

आज १५ लाख किलोमीटरांवरून ‘आदित्य-एल१’ सूर्यावर नजर ठेवून आहे. मे २०२४ मधील वादळात लडाखच्या हानले येथे आकाश तांबडे झाले. परंतु वादळ किती भयंकर असू शकते हे ठरविताना उपग्रह आणि वीजवाहिन्यांची काळजी वाहणाऱ्यांना आजही कुलाब्याच्या आकड्याकडे वळावे लागते.

हे सारे मनात यावयास कारण घडले. एका महाविद्यालयातील हस्तलिखित वार्षिके ‘आता उपयोग काय?’ म्हणून रद्दीत निघाली होती. सिन्नर-देवळालीकडून येणाऱ्या विद्यार्थ्यांनी ती एकेकाळी शाईने लिहिलेली; वाङ्मयीन मूल्य बेताचेच, हे आम्हीही मान्य करतो. मात्र त्या पानांत कोणते शब्द, कोणती वळणे टिकून आहेत, याचा हिशेब आजच्या उपयोगावरून कसा करावा? तीन कपाटांपैकी एक आम्हांस मागून घेता आले, दोन गेली. उरलेल्या पानांचा अर्थ लावण्याचे तूर्त आमच्या मनात नाही. त्यांना क्रमांक घालावयास मात्र आम्ही सुरुवात केली आहे.