पंखा उघडेल ना?

माझे घर जयपूरच्या विद्याधर नगरमध्ये आहे. वास्तुशिल्पी बाळकृष्ण दोशी यांनी आखलेल्या या वसाहतीला विद्याधर भट्टाचार्य यांचे नाव आहे. अठराव्या शतकात जयपूर शहर वसवताना त्याच्या आखणीचे काम त्यांनी केले होते. इथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही मागच्या वर्षी सुट्टीत घरी गेलो तेव्हा जेवणाच्या टेबलावर एकच चर्चा चालू होती : शिडाच्या नौकेला कोणता पंखा बसवायचा? हा पंखा म्हणजे नौकेच्या तळाशी, पाण्याखाली फिरणारा प्रोपेलर. कोकणातले खलाशी त्याला पंखाच म्हणतात, आणि आमचे थोरले काकाही.

काका नौदलात इंजिन रूममध्ये होते. निवृत्तीनंतर ते आमच्याबरोबर जयपूरला राहतात. त्यांनी आणि त्यांच्या दोन जुन्या सोबत्यांनी मिळून एक बत्तीस फुटी जुनी शिडाची नौका घेतली आहे. ती गोव्यात असते. तिघेही पासष्टीच्या पुढचे. पावसाळा संपला की गोव्याहून मालवणपर्यंत शिडावर जायचे, असा त्यांचा बेत होता.

शिडाच्या नौकेला पंखा कशाला, असा प्रश्न मलाही पडला होता. वारा पडला, बंदरात शिरायचे असले किंवा जोराच्या प्रवाहातून बाहेर पडायचे असले, की इंजिन लागते. अडचण पुढे आहे. शिडे उभारून इंजिन बंद केले, की तोच पंखा पाण्यात आडवा उभा राहतो आणि नौकेला मागे ओढतो. काकांनी मला ते अंगणात दाखवले. मोठ्या टबात पाणी भरले आणि एक स्टीलची ताटली माझ्या हातात दिली. "आडवी धरून ओढ. आता कडेने ओढ." आडव्या ताटलीने मनगट दुखते, कडेने ती सुरीसारखी सरकते. शिवाय हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे चार नॉटचा वेग सहा नॉट झाला, तर विरोध दीडपट नव्हे, सव्वादोनपट होतो.

तीन पात्यांचा स्थिर पंखा अशा नौकेचा साधारण अर्धा नॉट, कधी त्याहूनही जास्त वेग खातो. अर्धा नॉट ऐकायला किरकोळ वाटतो. मी वहीत गणित मांडले. तीनशे सागरी मैल पाच नॉटने जायला ६० तास लागतात, साडेचार नॉटने ६६ तास ४० मिनिटे. जवळजवळ सात तास जास्त, म्हणजे एक आख्खी रात्र. लांबच्या सफरीत याचे महत्त्व किती, हे आपल्याच नौदलाच्या इतिहासात दिसते. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. त्यानंतर २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेतून कुठेही न थांबता प्रदक्षिणा पूर्ण केली, आणि तीही फक्त शिडांच्या बळावर. अशा सफरीत नौकेचा पंखा पाच-पाच महिने काहीच काम करत नाही. त्याने निदान वाटेत येऊ नये, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, मिटणारा पंखा. त्याची पाती कळीच्या पाकळ्यांसारखी मागे मिटतात. पाण्याचा विरोध सर्वांत कमी, पण जुन्या धाटणीचे मिटणारे पंखे उलट्या गिअरमध्ये कमी जोर देतात, कारण नौका मागे खेचताना पाण्याचा रेटा पाती मिटवायला बघतो. दुसरा, फीदरिंग पंखा. याची पाती मिटत नाहीत, आपापल्या आसाभोवती वळतात. प्रत्येक पात्याच्या मुळाशी दातेरी चाक असते आणि ती सगळी चाके शाफ्टवरच्या एका मधल्या चाकात अडकलेली असतात. इंजिनाने शाफ्ट फिरवला की पाती ठरलेल्या कोनापर्यंत उघडतात. शाफ्ट थांबला की वाहते पाणीच त्यांना कडेवर वळवते. उलटा गिअर टाकला तर पाती पलटून दुसऱ्या बाजूला उघडतात, त्यामुळे मागे जातानाही पात्याची योग्य कडाच पुढे असते आणि जोर चांगला मिळतो.

'फीदर' हा शब्द आपल्याला नवा नाही. वल्हे पाण्याबाहेर काढून परत आणताना वाऱ्याला अडू नये म्हणून पाते आडवे करतात, तेच फीदरिंग. एअर विंगच्या कॅडेट्सना दुसरे उदाहरण माहीत असेल. एएन-३२ सारख्या विमानाचे एक इंजिन बंद पडले, तर त्याच्या प्रोपेलरची पाती हवेला कड देऊन उभी करतात, नाहीतर बंद इंजिनच विमानाला एका बाजूला ओढते.

मला वाटले, निर्णय झाला. फीदरिंग पंखा घ्यायचा! पण तो स्थिर पंख्याच्या कितीतरी पट महाग. तिघांच्या पेन्शनमधून पैसे काढायचे होते. काकांचे एक सोबती म्हणाले, "आहे तो पंखा इमानदार आहे, त्यात बिघडण्यासारखं काही नाही." दुसऱ्यांना मिटणारा हवा होता. फोनवर तासनतास वाद चाले. शेवटी एके रात्री काकूने जेवण वाढता वाढता विचारले, "अहो, तुमचं ते वेगाचं राहू दे. खडकांजवळ वारा पडला आणि इंजिन चालू केलं, तर तो पंखा उघडेल ना?"

सगळे गप्प झाले. काका थोड्या वेळाने म्हणाले, "सांभाळला तर उघडेल."

मला त्या रात्री समजले की खरा प्रश्न हाच आहे. स्थिर पंखा नेहमी उघडाच असतो. फीदरिंग पंख्यात मात्र दातेरी चाके आहेत, ग्रीस आहे, हलणारे भाग आहेत. एक पाते अडकले आणि बाकीची उघडली, तर नौका थरथरते आणि जोर मिळत नाही. नौका गोव्यात आणि मालक जयपूर, पुणे, बेळगावात! काकूचे म्हणणे साधे होते. देखभाल कोण करणार, केव्हा करणार, हे लिहून दाखवा, मग घ्या. काकांनी मला वही काढायला सांगितली. ते बोलत गेले, मी लिहीत गेलो. वही घेऊन मी जवळजवळ आठवडाभर त्यांच्यामागे फिरत होतो. ती यादी दोन्ही सोबत्यांना पाठवली, तिघांनी कामे वाटून घेतली आणि फीदरिंग पंखा ठरला.

मागवतानाही मापे नेमकी लागतात : शाफ्टचा व्यास आणि त्याचा उतार, इंजिनाची ताकद, गिअरबॉक्सचे प्रमाण, शाफ्ट कोणत्या दिशेने फिरतो, आणि पात्याचे टोक व नौकेचा तळ यांत किती जागा आहे. ही जागा पंख्याच्या व्यासाच्या निदान एक दशांश तरी हवी, नाहीतर प्रत्येक फेऱ्याला पाणी तळावर आपटते. पात्यांचा कोनही इंजिनाला साजेसा लागतो. कोन जास्त झाला तर इंजिन पूर्ण फेरे घेऊ शकत नाही आणि काळा धूर टाकते.

मे महिन्यात आम्ही गोव्याला गेलो. कोकणात पावसाळ्याआधी होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात, तशीच आमची नौका यार्डात वर काढली होती. नवा पंखा बसवला आणि पहिल्या दिवसापासून वही सुरू झाली. त्यातली मुख्य कामे अशी :

पहिले, ग्रीस. वर्षातून एकदा, नौका वर काढली की, खाऱ्या पाण्यात न धुपणारे ग्रीस गनने भरायचे. जुने ग्रीस दुसऱ्या छिद्रातून बाहेर येईपर्यंत थांबायचे नाही. ते दुधाळ दिसले, तर आत पाणी शिरले आहे असे समजायचे.

दुसरे, हालचाल. प्रत्येक पाते बोटाने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवून बघायचे. ते अडखळता कामा नये. मग टोक धरून हलवायचे. ते खडखडले तर चाके झिजली आहेत.

तिसरे, सफाई. गोव्याच्या कोमट पाण्यात चुनखडीच्या कवचाचे बारीक जीव, ज्यांना बार्नेकल म्हणतात, फार लवकर चिकटतात. ते पात्याच्या मुळाशी वाढले की पाते वळायचे थांबते. नौका पाण्यात असताना दर महिन्याला कोणीतरी बुडी मारून ते खरवडायचे. हे काम बेळगावच्या काकांनी घेतले आहे, कारण त्यांना गोवा जवळ पडतो. बुडी मारायला ते यार्डातल्या माणसाला बोलावतात. त्याच बुडीत शाफ्टला जाळ्याचा दोर गुंडाळला आहे का, तेही पाहायचे.

चौथे, जस्त. पंखा कांस्याचा, शाफ्ट स्टेनलेस स्टीलचा आणि भोवती खारे पाणी म्हणजे एक विद्युतघटच तयार होतो. दहावीच्या पुस्तकातली क्रियाशीलता श्रेणी इथे कामाला येते. जस्त या धातूंपेक्षा जास्त क्रियाशील, म्हणून पंख्याच्या टोकाला जस्ताचा तुकडा बसवतात. पाणी आधी त्याला खाते आणि पंखा वाचतो. तो निम्मा झिजला की बदलायचा. त्याला रंग कधीच लावायचा नाही, रंग लावला तर तो काम करत नाही. कांस्य गुलाबी दिसू लागले तर धोका ओळखायचा. त्या मिश्रधातूतलेच जस्त निघून चालले आहे.

हे जस्त वाचताना मला आमचे राजस्थान आठवले. उदयपूरजवळच्या जावरला शेकडो वर्षांपूर्वी मातीच्या मुशींत जस्ताची वाफ करून ते शुद्ध काढत असत, आणि आजही भिलवाडा जिल्ह्यातल्या रामपुरा आगुचा इथे जस्ताची मोठी खाण आहे. जिथे समुद्र नाही, तिथला धातू समुद्रात नौकेचे रक्षण करतो, हे मी यार्डात सगळ्यांना अभिमानाने सांगितले.

ग्रीस भरताना काकांचा हात थरथरत होता. गुडघ्यांमुळे त्यांना नौकेखाली वाकून बसणेही जमत नव्हते. ते काही बोलले नाहीत, गन माझ्या हातात दिली आणि स्टुलावर बसून सूचना देत राहिले. काम झाल्यावर काकू आली, पदर खोचून वाकली आणि तिने एक पाते स्वतःच्या बोटाने वळवले. मग दुसरे, मग तिसरे. "बरं," एवढेच म्हणाली. आमच्यासाठी तेवढी मंजुरी पुरेशी होती.

दिवाळीच्या सुट्टीत, आवश्यक त्या परवानग्या घेऊन, तिघे निघाले आणि मलाही बरोबर नेले. मांडवीच्या मुखातून पहाटे बाहेर पडलो. जमिनीवरून मतलई वारा येत होता. काकांनी वेग दोन-तीन नॉटवर आणला आणि गिअर पुढचाच ठेवून इंजिन बंद केले. शाफ्ट मोकळा फिरत राहिला तर पाती वळत नाहीत, म्हणून असे करायचे असते. शाफ्ट थांबला आणि नौका हलकी झाल्यासारखी पुढे सरकली. दुपारी खारा वारा समोरून आला, तेव्हा वळणे घेत घेत वर चढलो. संध्याकाळ होता होता सिंधुदुर्ग किल्ला दिसला आणि वारा अगदी पडला. मालवणच्या बंदराबाहेर पाण्यात खडक आहेत. शिवाजी महाराजांनी ही जागा निवडली त्यात या खडकांचाही विचार असणार, असे मला वाटले.

खडकांपासून दूर, मोकळ्या पाण्यातच काकांनी इंजिन सुरू केले. आधी पुढचा गिअर, मग उलटा, मग पुन्हा पुढचा. "गरज पडायच्या आधी तपासायचं," ते म्हणाले. पायाखाली एक हलका ठोका जाणवला आणि पाती उघडली. उलट्या गिअरमध्ये नौका जागच्या जागी थांबली. मग आम्ही आत शिरलो. नांगर पडल्यावर काकांनी सर्वांत आधी काकूला फोन लावला आणि तीनच शब्द बोलले : "अगं, पंखा उघडला!"

ती वही आता माझ्याकडे आहे. पुढच्या मे महिन्याचे पान मी आत्ताच आखून ठेवले आहे. मित्रांनो, परेडपूर्वी आपण बूट चमकवतो, कारण ते सर तपासतात. पाण्याखालचा पंखा तपासायला कोणी येत नाही. तिथे वहीतली तारीख खरी असावी लागते, कारण तिच्या भरवशावर घरचे कोणीतरी निर्धास्त झोपलेले असते.