अंजिराची राखण

अंजीर पिकलं की मान टाकतं. देठाशी वाकून खाली बघू लागतं. त्याआधी तोडलं तर चिकानं बोटं खाजतात आणि फळ कच्चं ते कच्चंच राहतं. आंब्यासारखी त्याची अढी लावता येत नाही. म्हणून अंजीर हवं असेल त्यानं झाडापाशी वाट बघायची. ही वाट आमच्याबरोबर खारी बघतात, पाखरंही बघतात.

जर्सी सिटीच्या हाइट्स भागात, भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांच्या रांगेत आम्ही राहतो. मागचं परसू जेमतेम पंचवीस फूट रुंद. त्यात आमच्याआधी राहून गेलेल्या इटालियन कुटुंबानं लावलेलं अंजीर आहे. शेजारचे इटालियन आजोबा थंडी सुरू झाली की आपलं झाड दोरीनं आवळतात, गोणपाटात गुंडाळतात आणि शेंड्यावर बादली उपडी घालतात. आमचंही त्यांनीच बांधायला शिकवलं. मी सासवडची. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण तिकडच्या बागांत खट्टा बहर आणि मीठा बहर बघत वाढलेल्या मला झाडाला गोधडी पांघरतात हे इथेच कळलं.

ऑगस्टअखेर फळं फुगू लागतात आणि पहाटे झाडात सळसळ सुरू होते. इथली खार करडी, चांगली थोराड. तिच्या पाठीवर रामाच्या बोटांचे पट्टे नाहीत. ती एक चावा घेते, फळ टाकते, दुसरं धरते. याचा मला फार राग यायचा. पुढे लक्षात आलं, उन्हाच्या तडाख्यात ती फळातलं पाणीही शोधत असते. कुंपणाशी पाण्याचं परळ ठेवलं, तेव्हा अर्धवट कुरतडलेली फळं कमी झाली. थांबली मात्र नाहीत. शिवाय या खारींना शहरात बोलावलं माणसांनीच. नदीपलीकडच्या सेंट्रल पार्कमध्ये १८७७ साली त्या शोभेसाठी मुद्दाम सोडल्या होत्या. आपल्या साळुंकीच्या कुळातले स्टार्लिंग पक्षीही तिथेच १८९० मध्ये सोडले, साठ पक्षी. ज्यांना आज आपण चोर म्हणतो, ते एके काळी हौसेनं आणलेले पाहुणे होते.

एका वर्षी मी झाडावर जाळी टाकली. मोठ्या भोकांची, नायलॉनची, सैल. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यात कॅटबर्ड अडकलेला होता. मांजरासारखा ओरडणारा हा राखी पक्षी रोज आमच्या कुंपणावर यायचा. धागा पंखाच्या मुळाशी रुतला होता. कात्रीनं एकेक धागा तोडला, तोवर त्याची धडपड थांबली होती. ओंजळीत त्याचं वजन जाणवतही नव्हतं. त्या दिवशी तीन अंजिरं पिकलेली होती. मी ती तोडली नाहीत.

तेव्हा आजी आठवली. जोंधळा निसवला की ती माळ्यावर बसून राखण करायची. गोफण फिरवायची, पण दगड पाखरावर कधी मारायची नाही. गोफणीच्या फटकाऱ्यानं आणि तिच्या हाकाऱ्यानं थवा उठायचा, पुढच्या रानात जायचा, तिथली राखणदारीण त्याला परत उठवायची. चार दाणे जायचेच. ते गेले म्हणून आजीनं कधी हळहळ केलेली मला आठवत नाही. राखण म्हणजे शेतात माणूस असणं, एवढंच ती जाणत होती. मी जाळी टाकून घरात गेले होते.

आता लग्नात बदाम वाटायला वापरतात त्या ऑर्गन्झाच्या झिरझिरीत पिशव्या मी आणते. फळ फुगलं की एकेक पिशवी चढवून नाडी आवळते. वारा खेळतो, ऊन पोचतं, चोच पोचत नाही. एखादी हट्टी खार पिशवी फाडते, ते सोसायचं. हात पुरतो तिथवर पिशव्या. त्यावरच्या फांद्या पाखरांच्या.

हरणांचा त्रास आमच्या या दाट वस्तीत नाही. आतल्या गावांत राहणाऱ्या माझ्या बहिणीला मात्र सफरचंदाच्या रोपांभोवती आठ फुटी कुंपण घालावं लागलं. त्याहून बुटकं असेल तर हरीण सहज उडी मारतं. पानं, कोंब खाणं वेगळंच. शरदात नर कोवळ्या खोडांवर शिंगं घासतात आणि साल सोलून काढतात. साल सगळीकडून सोलली की रोप मरतं. तिथे कुंपण हवंच, त्यात निर्दय काही नाही.

जाळीच हवी असेल तर बारीक घ्या. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात २०२१ पासून घरच्या फळझाडांसाठी नियमच आहे: ताणलेल्या जाळीचं भोक पाच मिलिमीटरहून मोठं नको. विकत घेताना करंगळी घालून बघा. आत गेली तर ती जाळी दुकानातच ठेवा.