पुच्छप्रगती

आमच्या गच्चीवरून कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांची शिखरे दिसतात. खाली कान्ह नदी, शेजारी पूल, आणि पुलावर दिवसभर वाहनांची अशी दाटी की पायी निघालेला माणूस मोटारीच्या आधी राजवाड्याला पोहोचतो. अशा ठिकाणी राहणाऱ्याच्या मोटारीला वाऱ्याशी झुंजण्याचे साधन बसवावे, ही कल्पना माझ्या नातवाची. मुलीचा मुलगा, वय एकोणीस. येथेच अभियांत्रिकी शिकतो आणि आमच्याकडे राहतो. "आजोबा, आपल्या गाडीला मागे स्पॉयलर लावू या का?" असे त्याने जेवताना विचारले.

"म्हणजे शेपूट?" ही म्हणाली. "माणसाचं गळलं म्हणतात, आता मोटारीला फुटणार!"

मी 'पुच्छप्रगती' हा शब्द टाकला. नातवाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागल्याने विनोद वाया गेला.

'आपल्या गाडीला' हे शब्द मात्र मनात राहिले. चांदीच्या रंगाची, डिक्कीवाली ही गाडी मी निवृत्तीच्या वर्षी घेतली. तिची चावी कायम माझ्याच खिशात. आणि नातवाला ठाऊक नव्हते ते असे, की महिन्यापूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदूमुळे माझे दृष्टिक्षेत्र आक्रसल्याचे दाखवून गाडी चालवणे थांबवण्यास सांगितले होते. समोरचे स्वच्छ दिसते, कडेचे, विशेषतः उजवीकडचे, विरून जाते. तो कागद मी पेन्शनच्या फायलीत ठेवला होता. तेथे हिचा हात जात नाही. त्यानंतर मी गाडी फक्त पहाटे, रस्ते रिकामे असताना काढत होतो आणि यालाच सावधगिरी म्हणत होतो.

उभी हयात नस्त्यांवर शेरे मारण्यात गेली. तेव्हा या मागणीचीही मी रीतसर छाननी केली. मोटारीचा माथा वक्र असल्याने त्यावरून जाणारा वारा वेगाने धावतो, तेथील दाब घटतो आणि भरधाव गाडीचा मागचा भाग किंचित उचलला जातो. डिक्कीच्या कडेवरची पट्टी वाऱ्याचा हा डाव बिघडवते. म्हणून ती 'बिघडवणारी', स्पॉयलर. खांबांवर उभारलेला पंख निराळा. त्याच्या वरून आणि खालूनही वारा वाहतो आणि तो गाडीला खाली दाबतो. १९६१ साली फेरारीच्या शर्यतीच्या मोटारीला इटलीत मोंझा येथे अशी पट्टी लावली गेली ती रिची गिंथर या चालकाच्या सूचनेवरून, आणि तीही धूर चालकाकडे ओढला जाऊ नये म्हणून. गाडीची मागची बाजू स्थिरावते हे मागाहून ध्यानात आले. एका कामासाठी नेमलेला माणूस दुसऱ्याच कामाला उपयोगी पडावा, तसेच हे. सरकारी कचेरीत याचे कोणाला नवल वाटणार नाही.

पण हिशेब पाहा. हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी शंभरला जो मिळतो, त्याचा पंचविसावा हिस्सा ताशी वीसला. आणि पुलावर वीस तरी कोठले? पीथमपूरला २०२१ मध्ये खुल्या झालेल्या ११.३ किलोमीटरच्या चाचणी-मार्गावर त्याचे चीज होईल, पण तेथे आम्हांला कोण बोलावतो! शिवाय मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ आहेच. निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार चालत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बजावले. मी शेरा तयार केला : उपयोग शून्य, सबब नामंजूर.

संध्याकाळी गच्चीवर गेलो. छत्र्यांच्या शिखरांकडे पाहताना माझेच मला हसू आले. उपयोगाची कसोटी तेथे लावली असती तर कृष्णाबाई होळकरांच्या स्मरणार्थ चार खांब आणि एक पत्रा पुरेसा होता. माझे आजोबा होळकर दरबारात कारकून. १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले, तरी ते लग्नकार्यात होळकरी पगडीच घालीत. तिने ना ऊन अडे ना पाऊस. महाराज यशवंतराव तर मोटारींचे केवढे शौकीन. त्यांच्या ड्यूसेनबर्गवर लंडनच्या गर्नी नटिंग यांनी केशरी-काळ्या रंगाचा साज चढवला तो काही गरजेपोटी नव्हे. मी नामंजुरी मागे घेतली, फक्त अट घातली : गाडीच्या निर्मात्याच्या जोडसाहित्यातलेच हवे.

दुकानात नातवाने मला बरेच शिकवले. भोके पाडून बसवले तर पत्र्याला गंज धरतो, पाणी आत झिरपते. जड घेतले तर उघडलेली डिक्की वर टिकत नाही, डोक्यावर येते. फोनवर महिनाभर तो उंच पंख असलेली चित्रे दाखवीत होता. येथे मात्र त्याने बोटभर उंचीची बसकी पट्टी उचलली.

"ते उंचवाले आवडले होते ना तुला?"

"ते मागच्या काचेत आडवं येतं, आजोबा. तुम्ही चालवताना मागचं दिसायला हवं."

मी काही बोललो नाही. कारागिराने डिक्की पुसून स्पिरिटने घासली, दोन्ही कडांपासून माप घेऊन कागदी चिकटपट्टीच्या खुणा केल्या आणि स्पॉयलर नुसता टेकवून धरला. दुहेरी चिकटपट्टी एकदा बसली की बसली, म्हणून तो मला म्हणाला, "दादा, देखना, सीधा है?" मी चार हातांवर उभा होतो. डावे टोक दिसले, मधले दिसले. उजव्या टोकासाठी मला मान वळवावी लागली.

"बराबर है," मी म्हणालो.

नातू स्पॉयलरकडे पाहतच नव्हता. "आजोबा, मान का वळवलीत?"

सांगितले. दुकानाच्या पायरीवर बसून, पेन्शनच्या फायलीसकट सगळे सांगितले. तो रागावला, पहाटेच्या फेऱ्यांबद्दल जास्त. मग बराच वेळ गप्प राहिला आणि उजवे टोक स्वतः मापून आला. दोन दोरे वर होते.

परतताना मी चावी दिली आणि डावीकडे बसलो. पुलाच्या तोंडाशी एक रिक्षा आडवी आली तेव्हा माझ्या उजव्या पायाने ब्रेक दाबला. तेथे नुसती चटई होती. पुढे पुलावर सगळेच थांबले. मागच्या स्कूटरवाल्याने कंटाळून आमच्या नव्या स्पॉयलरवर कोपर टेकले. चोवीस तास त्याला हात लावायचा नव्हता. नातवाने काच खाली करून डोके बाहेर काढले.

"भिया, हाथ मत रखो, अभी चिपकाया है!"

"उड़ थोड़ी जाएगा," तो म्हणाला, "पहले पुल तो पार करो."